हन्नाबाईच्या पाटीला हात

नगरच्या उत्तरेला, माळरान संपून काळी जमीन सुरू होते त्या वळणावर हिंगणझरे नावाचे एक लहानसे गाव होते. दर फाल्गुनात, जोंधळ्याची मळणी आटोपली की शांतवनबाबा या गावी येत. खांद्यावर घोंगडी, हातात चिपळ्या, पाय अनवाणी आणि मुखी प्रभू येशूचे नाव, एवढाच त्यांचा प्रपंच! ख्रिस्ती मंडळींची वीसेक घरे, दगडमातीचे प्रार्थनामंदिर आणि पुढे लिंबाची दाट सावली. त्या सावलीत बाबांचे कीर्तन उभे राहिले की मारुतीच्या पारावरची म्हातारी माणसेसुद्धा हळूच येऊन मागे बसत.

बाबांची एक रीत होती. गावात शिरले की ते आधी त्या घरी जात, जिथले कोणी मधल्या काळात देवाघरी गेलेले असेल. तिथे उपदेश नाही, वचन नाही. नुसते बसत. पाणी दिले तर पीत, कोणी रडले तर रडू देत. एकदा एका नवशिक्या प्रचारकाने विचारले, "बाबा, अशा घरी बोलायचं तरी काय?" तेव्हा बाबा म्हणाले, "अरे, नुसतं बोलून भागलं असतं तर प्रभू स्वर्गातूनच बोलला असता. खाली कशाला आला असता?"

तर प्रियजनहो, मानमोडीच्या साथीनंतरचे ते दुसरे वर्ष. ही साथ आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिली. ताप भरायचा, माणूस मान टाकायचा आणि दोन दिवसांत घर रिकामे व्हायचे. त्या दहशतीत आदल्या वर्षी मळणीनंतरचा हंगामाचा सण झाला नव्हता, बाबाही आले नव्हते. म्हणून या खेपेला ते येणार असे कळले तेव्हा सगळी मंडळी आनंदली. सगळ्यांत जास्त आनंदले ते दावीदराव मिसाळ.

दावीदराव म्हणजे मंडळीचे पंच. विहिरीचे पाणी, दोन बैलजोड्या, डोक्याला तुरेदार फेटा आणि बोलणे असे की समोरच्याने मान डोलवावीच. माणूस वाईट नव्हता हो! प्रार्थनामंदिराचे पत्रे त्यांनीच पदरमोड करून घातले होते. पण साथीत गावातल्या घरोघरची माणसे गेली आणि त्यांच्या घरातले एकही गेले नाही, तेव्हापासून त्यांच्या मनाने एक हिशेब मांडला. ते म्हणत, "देव ज्याच्या घरी राहतो, त्याच्या उंबऱ्याला साथ शिवत नाही. ज्यांची घरं बसली, त्यांच्याकडे देवानं पाठ फिरवली. का फिरवली, ते त्यांचं त्यांनी तपासावं." ज्यांची माणसे गेली होती ते हे ऐकून खाली मान घालत. दुखऱ्या माणसाला कोणीही काहीही पटवून देऊ शकतो.

बाबा आले त्या दिवशी दावीदराव वेशीपर्यंत सामोरे गेले. घरी पुरणपोळी शिजत होती. "सलाम, बाबा! चला, पाट मांडून ठेवलाय," असे ते म्हणाले. बाबांनी सलाम केला, त्यांची खुशाली विचारली आणि मग म्हणाले, "आधी लूकाच्या घरी जाऊन येतो."

"लूका?" दावीदराव हसले. "लूका साथीत गेला, बाबा. एस्तेर, त्याची पोरगी, तीही गेली. आता ती एकटी हन्ना राहिलीय आणि ती तर देवळाची पायरीसुद्धा चढत नाही. तिथं काय मिळणार तुम्हाला? देवच नाही त्या घरात!"

"मग मला लवकर गेलं पाहिजे," असे म्हणून बाबा ओढ्याच्या वाटेला लागले. दावीदरावांच्या पुरणपोळ्या तशाच निवल्या.

हन्नाबाई उंबऱ्यात बसली होती. बाबांना पाहून ती उठली, पण तिचे डोळे कोरडेच होते. "बसा म्हणाया धड गोधडी बी न्हाई, बाबा," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "भुई आहे ना? मग झालं," आणि भिंतीला टेकून खाली बसले. कोपऱ्यात वेताच्या काठाची एक मोठी पाटी पालथी पडली होती. बाबांची नजर तिच्यावर गेलेली पाहून हन्नाबाईच बोलू लागली.

इथे पाटी उचलण्याचे सांगितले पाहिजे, कारण ज्याने कधी ओझे डोईवर घेतले नाही त्याला ते कळायचे नाही. ओढ्याचा डोह आटला की तळाचा काळा गाळ खणून लोक शेतात टाकतात. हन्नाबाई आणि लूका हेच काम करीत. गाळाने भरलेली ओली पाटी बाईमाणूस गुडघ्यापर्यंत उचलते, नेटाने छातीपर्यंतही आणते. पण छातीपासून डोक्यावर एकटीला जात नाही. तिथे समोरून दुसऱ्याचा हात लागतो. म्हणून रानात बाया वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारतात, "जरा हात लावता का?" आणि हात लावायला कोणी नाही म्हणत नाही. लूका रोज तिच्या पाटीला हात लावी आणि मग आपली पाटी खांद्यावर टाकून मागून चाले.

"त्यो गेला त्ये दुःख हायेच, बाबा," हन्नाबाई म्हणाली. "पर रोज पाटी छातीशी आली की त्यो पुन्यांदा जातो. हात लावाया कुनी न्हाई. बाया लांब व्हत्यात, माझ्या घरानं साथ आनली म्हंत्यात. मंग म्या पाटी बांधावर ठिवते, खाली वाकून डोईवर सरकवते. निम्मा गाळ अंगावर सांडतो." तिचा आवाज चढला. "लूकाला माती द्याया बी कुनी आलं न्हाई. दावीदरावांच्या दारात जाऊन हाका मारल्या. कवाड उघडलं न्हाई. म्या अन् म्हातारा येसू भोये, दोघांनी जमंल तशी माती लोटली. आता पावसानं दोन्ही मातींना खड्डे पडल्यात. तवापून म्या प्रार्थना करीत न्हाई. देवाला हात हायेत म्हंत्यात ना? मंग एकडाव तरी लावायचा व्हता!"

बाबांनी विचारले, "रागावली आहेस त्याच्यावर?"

"रागावले. खोटं कशाला बोलू?"

"बरं केलंस," बाबा म्हणाले. "परक्यावर कोणी रागवत नाही."

हन्नाबाईला हे अपेक्षित नव्हते. तिने बाबांकडे पाहिले आणि मग, किती महिन्यांनी कोण जाणे, तिचे डोळे भरून आले. बाबांनी तिला रडू दिले. शेवटी म्हणाले, "उद्या हंगामाचा सण. तूही ये."

"काय घिऊन यिऊ? रिकाम्या हातानं येत न्हाईत सणाला. अन् माझ्याकडं त्या गाळाबिगर काय बी न्हाई."

"मग गाळ आण. वर्षभर जे उचललंस तेच देवापुढं ठेव. मग तीच माती आपण लूकाच्या आणि एस्तेरच्या मातीवर नेऊन घालू."

"अन् पाटी उचलाया?"

"मी येतो सकाळी डोहावर. मी हात लावीन," बाबांनी शब्द दिला.

आता पाहा, बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण त्या सकाळी काय झाले ते ऐका.

बाबा प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर निजत. झुंजुमुंजू झाले तसे ते घोंगडी झटकून उठले, तोच समोर दावीदराव उभे. फेटा नव्हता, अंगावर नुसती बंडी. कालचा तोरा कुठे होता कोण जाणे! "बाबा, एवढी एक वेळ माझ्या घरी चला. कोणी उठायच्या आत चला," ते कुजबुजले. बाबांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि काही न विचारता त्यांच्यामागून गेले.

दावीदरावांनी बाबांना ओसरीवर थांबवले नाही. माजघर ओलांडून थेट मागच्या अंधाऱ्या खोलीत नेले. तिथे त्यांची आई सारजाआजी अंथरुणाला खिळलेली होती. अर्धे अंग लुळे, डोळे तेवढे जागे. बाबांनी हळूच विचारले, "कधीपासून?"

"मानमोडीपासून," दावीदराव भिंतीकडे पाहत म्हणाले. "वाचली, पण अशी. गावाला सांगितलं, म्हातारपण आहे, बाहेर येत नाही." ज्याच्या उंबऱ्याला साथ शिवली नव्हती, त्या घरात ती अशी दाराआड निजलेली होती.

बाबांनी आजीच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. आजीने आपल्या धड हाताने बाबांचा हात धरला आणि छातीशी घेतला. किती दिवसांनी त्या खोलीत बाहेरचे माणूस आले होते! हात धरल्या धरल्या तिला झोप लागली. सून म्हणाली, कित्येक महिन्यांत अशी गाढ झोपली नव्हती. बाबांनी हात सोडवायला जावे तो आजीची बोटे आणखी घट्ट व्हायची. बाहेर उजाडले. बाबांना डोळ्यांपुढे डोह दिसत होता, तिथे वाट पाहणारी बाई दिसत होती, आणि इकडे हातात एका म्हातारीचा हात होता. त्यांनी डोळे मिटले आणि मनात म्हणाले, 'प्रभू, माझा हात इथं अडकलाय. तिकडे तू बघ.' एवढीच प्रार्थना केली बाबांनी, जास्त नाही.

डोहावर हन्नाबाई पाटी भरून बसली होती. सूर्य वर आला. गावातून बाया नटूनथटून, डोक्यावर धान्याच्या पाट्या घेऊन जाताना दिसल्या. मग प्रार्थनामंदिराची घंटा वाजली. बाबा आले नव्हते. तिने वाटेकडे पाहणे सोडले. चिखलात पाय रोवून ती उभी राहिली आणि वर पाहून ओरडली, "त्यो बी न्हाई आला! अन् तू बी न्हाई आलास! माझा लूका नेलास, एस्तेर नेलीस, आता येक पाटी उचलाया बी तुला हात न्हाईत व्हय रे, देवा?"

प्रियजनहो, तिला वाटले आपण भांडलो. पण वर्षाहून अधिक काळानंतर तिच्या तोंडून देवाचे नाव निघाले होते.

रागाच्या भरात तिने चुंबळ डोक्यावर बसवली, पाटीचे काठ धरले आणि जोर केला. पाटी गुडघ्याला आली, मांडीला आली, छातीला आली, आणि रोजच्यासारखी तिथेच अडली. आता ही सुटणार आणि सगळा गाळ अंगावर येणार, एवढ्यात तिच्या तोंडून सवयीने हाक गेली, "अरं, कुनी हात लावा रं!"

आणि पाटी वर गेली! अगदी अलगद, लूका लावायचा तशी. डोक्यावर नीट बसली, एक ढेकूळही सांडले नाही.

डोईवर जड पाटी असली की मान वळवता येत नाही, वर बघता येत नाही. दिसते ती फक्त पुढची भुई. हन्नाबाईला समोर दोन अनवाणी पाय दिसले, घोट्यापर्यंत चिखलात भरलेले. दोन्ही पायांवर जुन्या जखमेचे मोठे वण होते.

"आलात व्हय, बाबा?" ती म्हणाली.

"मी इथंच होतो," उत्तर आले.

ती चालू लागली. मागून पावलांचा आवाज येत राहिला, लूका मागून चालायचा तसा. तिला फार बरे वाटले. एवढे बरे वाटले की बाबा बोलत का नाहीत, हे विचारायचेही तिला सुचले नाही. तिच्या मनात एकच होते, की चालून चालून बाबांच्या पायांची काय दशा झाली आहे, घरी गेल्यावर हळद लावून दिली पाहिजे.

लिंबाखाली सण रंगात आला होता. एकेक घर आपली पाटी क्रूसापुढे आणून ठेवी. दावीदराव, आता तुरेदार फेट्यात, वरचे फडके काढून मोठ्याने सांगत, "शिमोन पारधे यांचा जोंधळा! मार्था कदम यांचा हरभरा!" आणि मंडळी "आमेन" म्हणे. बाबा नुकतेच येऊन क्रूसाजवळ खाली बसले होते. आजीची बोटे सैल झाली तशी ते डोहाकडे धावले होते, पण वाटेतच त्यांना पाटी घेऊन येणारी हन्नाबाई लांबून दिसली, म्हणून ते तसेच मागे फिरले होते. ती एकटी कशी उचलून आली, याचे त्यांना कोडे पडले होते.

हन्नाबाईने गुडघे टेकून पाटी क्रूसापुढे उतरवली. दावीदरावांनी फडके उचलले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"माती? सणाच्या दिवशी देवापुढं माती? कोणाला माती द्यायचीय?" काही जण हसले. "देवानं पाठ फिरवली की माणसाची बुद्धीसुद्धा जाते, ती अशी!"

हन्नाबाईचे तिकडे लक्षच नव्हते. पदराच्या गाठीतून हळदीची पुडी काढून ती बाबांपुढे बसली. वाटेत घर लागते, तिथे पाटीसकट दारात उभी राहून तिने शेजारच्या म्हातारीकडून ती पुडी मागून घेतली होती. "बाबा, पाय दाखवा बरं."

"कशाला, बाई?"

"आता कशाला म्हंता! मघाशी डोहावर हात लावलात, तवा बघितलं म्या. केवढाले वण! चिखल गेलाय त्यात."

बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी सावकाश आपले दोन्ही पाय पुढे केले. पाय कोरडे होते, धुळीने पांढरे झालेले. ना चिखल, ना वण.

दावीदराव मोठ्याने म्हणाले, "अगं, बाबा डोहावर आलेच नाहीत! पहाटेपासून माझ्या ओसरीवर होते. मी साक्षीदार आहे!"

हे बोलून गेल्यावर त्यांना कळले की आपण काय बोललो. हन्नाबाईच्या हातातली पुडी खाली पडली.

बाबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "मी आलो नाही, हन्नाबाई," ते म्हणाले. "मी शब्द दिला, पण मला येता आलं नाही. मला सांग, तो काही बोलला का तुझ्याशी?"

"म्हनला..." ती मागे वळून डोहाच्या वाटेकडे पाहू लागली. "म्हनला, मी इथंच व्हतो."

कितीतरी जणांनी तिथल्या तिथे गुडघे टेकले. मार्था कदम तोंडाला पदर लावून रडू लागली, कारण साथीत तिचाही भाऊ गेला होता आणि तिनेही वर्षभर 'देवानं पाठ फिरवली' हेच ऐकून घेतले होते.

पण पीळ सहजासहजी सुटत नाही. दावीदराव म्हणाले, "काहीतरीच! कोणी मेंढक्या असेल, पायाला काटे बोचलेला. पुरे झालं. ही माती आधी बाहेर काढा, पुढं सण व्हायचाय." कोणी जागचे हलले नाही. "कोणी हात लावत नाही? ठीक आहे, मीच काढतो!" असे म्हणत त्यांनी अस्तन्या सारल्या आणि पाटीचे काठ धरले.

गडी दणकट होता. पाटी गुडघ्याला आली, छातीला आली. तिथे अडली. दावीदरावांनी आयुष्यात पाटी डोक्यावर घेतली नव्हती, कारण घ्यायला गडी होते. वर जाईना, खाली ठेवायला वाकवेना, आणि ओल्या गाळाचे ओझे त्यांना मागे रेटू लागले. चेहरा लाल झाला. फेटा डोळ्यांवर आला. आणि मग त्या भल्या माणसाच्या तोंडून जिवाच्या आकांताने हाक निघाली, "अरे, हात लावा रे कोणीतरी!"

मंडळी भांबावून उभी होती. धावली ती एक हन्नाबाई. जिच्यासाठी त्यांचे कवाड उघडले नव्हते, तिने समोरून पाटीचे काठ धरले.

त्या क्षणी दावीदरावांनी जे पाहिले, ते पुढे मरेपर्यंत ते सांगत आणि सांगताना दर वेळी रडत. पाटीच्या काठावर त्यांचे दोन हात होते. हन्नाबाईचे दोन हात होते, उन्हाने काळवंडलेले. आणि त्यांच्याशेजारी आणखी दोन हात होते. कामाने घट्टे पडलेले, एखाद्या सुताराचे असावेत तसे. दोन्हींवर जुन्या जखमेचा वण. त्या हातांनी ओझे घेतले आणि पाटी पिसासारखी हलकी झाली.

पाटी अलगद खाली टेकली. दावीदराव तिच्याशेजारीच बसले.

"बाबा," ते म्हणाले, "मी खोटं बोललो. तुम्ही ओसरीवर नव्हता. माझ्या आईपाशी होता." मग सगळ्या मंडळीसमोर त्यांनी मागच्या खोलीची गोष्ट सांगितली. "साथ माझ्याही घरात शिरली होती. लोकांना कळलं तर म्हणतील, देवानं ह्याच्याकडंही पाठ फिरवली. म्हणून मी आईला दाराआड ठेवलं आणि तुम्हा सगळ्यांना बोल लावत राहिलो. मला वाटायचं, देव माझ्या घरी राहतो. आणि तो तर हिच्याबरोबर चिखलात उभा होता!"

बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुमच्याही घरी होता, दावीदराव. त्या मागच्या खोलीत. तुम्हीच तिथं जात नव्हता. आणि हाक तरी तुम्ही त्याला कधी मारलीत? आज मारलीत, आणि तो आला की नाही लगेच?"

दावीदरावांनी हन्नाबाईकडे पाहिले. शेवटी एवढेच म्हणाले, "लूकाला माती द्यायला मी आलो नव्हतो, बाई. आता येऊ?"

हन्नाबाईने डोळे पुसले. कितीतरी बोलता आले असते तिला, आणि बोलली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. ती म्हणाली, "या. पर त्यो फेटा काढा. तुऱ्यावर पाटी ऱ्हात न्हाई."

दावीदरावांनी फेटा उतरवला. हन्नाबाईने तो हातात घेतला, पिळला, गोल गुंडाळला आणि गावभर मिरवलेल्या त्या फेट्याची चुंबळ करून त्यांच्या डोक्यावर ठेवली. पाटी छातीपर्यंत त्यांनी उचलली. पुढे तिने हात लावला. आणि दावीदराव मिसाळांची मान, जी पंचायतीत किंवा चावडीतही कधी वाकली नव्हती, ती त्या ओल्या मातीखाली वाकली.

सगळी मंडळी मागून निघाली. बाबा चिपळ्या वाजवीत पुढे, त्यांच्या मागे पाटी घेतलेले दावीदराव आणि शेजारी हन्नाबाई. ओढ्याकाठच्या दफनभूमीत लूकाच्या आणि एस्तेरच्या मातीला पडलेले खड्डे त्या काळ्या गाळाने भरले. ज्यांची ज्यांची माणसे तिथे निजली होती, त्यांनी ओंजळ ओंजळ माती उचलून आपापल्या माणसांवर घातली. साथीच्या वर्षी जी प्रार्थना घाईत राहून गेली होती, ती बाबांनी सावकाश म्हटली. हन्नाबाईने शेवटी "आमेन" म्हटले, ते सगळ्यांना ऐकू गेले.

दुपारी सणाचे जेवण झाले. दावीदरावांनी खाट उचलून आणली. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला शिमोन पारधे. सारजाआजी सव्वा वर्षाने लिंबाच्या सावलीत आली, मंडळीच्या मध्ये निजून बाबांचे कीर्तन ऐकत राहिली आणि धड हाताने ताल धरू लागली. आदल्या दिवशीच्या निवलेल्या पुरणपोळ्या दावीदरावांच्या बायकोने पुन्हा तव्यावर टाकल्या. पहिली पोळी हन्नाबाईच्या पानात पडली.

ओढ्याचा गाळ तेव्हाही जड होता, नंतरही जडच राहिला. पण दुसऱ्या दिवसापासून हन्नाबाई डोहावर पाटी भरून उभी राहिली की वाटेवरून कोणी ना कोणी आपणहून येई. आणि बांधावर कोणी नसले तरी ती घाबरत नसे. चुंबळ बसवून, काठ धरून, ती नुसती म्हणे, "हायेस न्हवं?" आणि पाटी उचली.

त्या वर्षापासून हिंगणझऱ्याच्या हंगामाच्या सणात पहिली पाटी मातीची असते. ती क्रूसापुढे ठेवताना पंच आपले पागोटे उतरवतो, खाली वाकतो, आणि मंडळीतल्या ज्या घरी त्या वर्षी कोणी गेले असेल, त्या घरचे माणूस पुढे होऊन तिला हात लावते. प्रियजनहो, तुमचेही ओझे छातीपर्यंत येऊन अडले असेल, तर हाक मारायला लाजू नका. दावीदरावसुद्धा लाजले नाहीत!